झेंडा उघडा असताना गाडी मागं जात नाही

पालघरहून या अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "काशिनाथराव, तुम्ही परदेशात वकिलातीत होता, दिवाळी अंकाला काहीतरी लिहा. भाषा आम्ही सुधारून घेऊ." मी म्हटलं, सुधारलेली भाषा पाहिजे असेल तर सुधारलेल्या माणसाकडून लिहून घ्या. माझी शाळा चौथीत सुटली. ते हसले, चहा प्यायले आणि कबूल झाले. म्हणून खाली जे वाकडंतिकडं दिसेल ते माझं आहे. छापखान्याला दोष देऊ नये.

सालवडच्या नाक्यावर मला अजून "एम्बसीवाले साहेब" म्हणतात. मी साहेब नव्हतो. ड्रायव्हर होतो. आधी बोईसरच्या कारखान्यात कामगारांची बस चालवली, मग दिल्लीत सरकारी गाडी, आणि तिथून परदेशात राजदूतांची गाडी. तीन देश झाले. नावं लिहीत नाही. या नोकरीत गाडीत ऐकलेलं गाडीतच ठेवायचं असतं, आणि पेन्शन सुरू झाली म्हणून ते बाहेर काढायचं असं मला कोणी सांगितलेलं नाही.

लोक विचारतात, राजदूत करतो तरी काय? मी जवळून बघितलं ते सांगतो. तो हसतो. संध्याकाळी पार्ट्या असतात, तिथं दोन दोन तास उभं राहून सगळ्यांशी हसायचं. आमच्या राजदूत मॅडम बाहेर येऊन गाडीत बसल्या की आधी जबडा चोळायच्या. हसून हसून दुखायचा. मग म्हणायच्या, "काशी, आज काम झालं," नाहीतर, "काशी, आज नुसतंच हसले." कोणाचा कारखाना इकडे यावा, आपला कोणी पोरगा तिकडच्या तुरुंगातून सुटावा, कोणाचं प्रेत घरी जावं, ही सगळी कामं त्या हसण्यात चालायची. मॅडम केरळकडच्या. त्यांची हिंदी लंगडी, माझी त्याहून लंगडी, पण दोन लंगडे बरोबर चालले की चाल जुळते. आमचं बोलणं इथं मराठीत लिहितो.

आता गाडीचं सांगतो. राजदूताच्या गाडीला पुढं उजव्या बाजूला छोटी काठी असते, तिला आपला तिरंगा. राजदूत गाडीत बसला की झेंडा उघडायचा. राजदूत उतरला की त्यावर खोळ चढवायची. खोळ म्हणजे साधी शिवलेली पिशवी, छत्रीला असते तशी. राजदूत नसताना झेंडा उघडा ठेवून गाडी चालवली तर तो गुन्हा समजावा. कारण झेंडा उघडा म्हणजे ती गाडी नाही, देश चालला आहे. हे मला कोणी भाषण देऊन शिकवलं नाही. पहिल्या दिवशी जुन्या ड्रायव्हरने खोळ हातात दिली आणि म्हणाला, "ही हरवली तर बायको हरवली असं समज." तेवढ्यात कळलं.

एकदा दिल्लीहून एक मोठे पाहुणे आले. मॅडम ऑफिसात होत्या आणि मी पाहुण्यांना बाजारात नेत होतो. ते म्हणाले, "झेंडा उघड." मी म्हटलं, "साहेब, मॅडम गाडीत नाहीत." ते म्हणाले, "मी कोण आहे माहीत आहे का?" मी म्हटलं, "माहीत आहे साहेब. पण झेंड्याला माहीत नाही." त्यांनी परत जाऊन तक्रार केली. मॅडमनी मला बोलावलं आणि विचारलं, "पाहुण्यांना बाजारात नेलंस?" "नेलं." "परत आणलंस?" "आणलं." "मग जा." एवढीच चौकशी झाली.

हट्टी म्हणून माझं नाव आहे, ते मला मान्य आहे. घरचे म्हणतात, आई गेली तेव्हा तू यायला पाहिजे होतं. त्या दिवशी मॅडमना विमान गाठायचं होतं, त्यांच्या हातात लोकांची कामं होती. मी त्यांना पोचवलं, मग गाडी बाजूला लावून बसलो. त्याबद्दल मला कोणी बोलू नये. मी स्वतःला बोलतो, ते पुरे आहे.

ज्यासाठी लिहायला बसलो ती गोष्ट तिसऱ्या देशातली आहे. समुद्रकाठचा गरम देश. एक लहान मालाचं जहाज तिथल्या बंदरात अडकलं. मालक पळून गेला, बंदराची देणी राहिली, आणि बंदरवाल्यांनी जहाजाबरोबर पाच खलाशीही धरून ठेवले. तिघे आपले, दोघे दुसऱ्या एका देशाचे. त्या देशाचं आणि आपलं त्या वेळी बोलणं बंद होतं. म्हणजे अगदी भाऊबंदकीत असतं तसं. दोन्ही राजदूत एकाच पार्टीत असले तरी एक या भिंतीला, दुसरा त्या भिंतीला. वरूनच हुकूम होता.

आपल्या तिघांत एक आमच्या सालवडजवळच्या नवापूरचा होता, वसंत. मला माहीत नव्हतं. आमच्या सुमनने, म्हणजे माझ्या बायकोने फोनवर सांगितलं.

"अवो, तुमच्या त्या गावात आपला मानूस हाय. नवापूरचा वसंत. त्याची बायको कल्पना रोज येऊन ओट्यावर बसते."

"मग मी काय करू? मी डायवर हाय."

"ते तिला सांगा. मी सांगून थकली. ती म्हनते, राजदूताची गाडी चालवतो तो मानूस, त्याच्या हातात काय नाय असं कसं?"

मी मॅडमना सांगितलं. मॅडमना जहाजाचं आधीच ठाऊक होतं, त्यांनी दोन खेपा मारल्या होत्या. बंदराचा अधिकारी एकच गोष्ट धरून बसला होता. एक जहाज, एक केस, एक कागद. तो म्हणायचा, दोन्ही देशांचे राजदूत एकाच वेळी माझ्यासमोर येऊन सही करतील तर पाचही सोडतो, नाहीतर एकही नाही. आता ज्यांनी एकमेकांकडे बघायचं नाही त्यांनी बरोबर यायचं कसं? मॅडमनी दिल्लीला विचारलं. दिल्लीचं उत्तर येत नव्हतं. तिकडचे म्हातारे राजदूतही त्यांच्या सरकारला विचारत असणार. तिकडूनही काही येत नसणार.

आणि तिकडे सणाची लांब सुट्टी लागत होती. सुट्टीनंतर त्या पाचांना आतल्या मोठ्या तुरुंगात हलवायचं ठरलं होतं. बंदराच्या कोठडीत निदान नाव विचारून माणूस भेटत होता. आतल्या तुरुंगात गेलेला माणूस शोधायलाच वर्ष जातं, हे तिथले सगळे सांगायचे. सुट्टीच्या आदल्या दिवशी, दुपारी ऑफिस बंद व्हायच्या आत, मॅडमनी ठरवलं की शेवटचं एकदा जाऊन बघायचं. निदान आपले तिघे तरी दे म्हणून त्या अधिकाऱ्यापुढं बसायचं.

शहरातून बंदराकडे जाताना एक खाडी लागते. आपल्या वैतरणेच्या खाडीसारखीच, तसाच चिखल, तसाच वास. त्यावर जुना पूल, एका गाडीचा. समोर गाडी दिसली तर अलीकडे थांबायचं अशी रीत. पण पूल मध्ये उंच होता, पलीकडचं दिसायचं नाही. मी चढलो, मधोमध आलो, आणि समोरून काळी गाडी. तिला झेंडा. उघडा.

त्याच देशाचा.

दोन्ही गाड्या नाकाला नाक लावून उभ्या राहिल्या. मी इंजिन बंद केलं. त्यानेही बंद केलं.

समोरच्या ड्रायव्हरला मी चांगला ओळखत होतो. आम्ही त्याला उस्ताद म्हणायचो, तो मला उस्ताद म्हणायचा. साहेब लोक आत दोन भिंतींना उभे असायचे तेव्हा आम्ही बाहेर त्याच्या थर्मासमधला चहा प्यायचो. त्याच्या मुलीच्या लग्नाचे फोटो मी बघितले होते. पण त्या पुलावर मी त्याच्याकडे बघून मानसुद्धा हलवली नाही. तोही समोर बघत बसला, जसा काही मी काचेवरची माशी.

मागून मॅडम म्हणाल्या, "काशी, मागं घे."

"नाय मॅडम."

"काय नाही?"

"तुमी गाडीत हायत. झेंडा उघडा हाय. गाडी मागं जानार नाय."

"काशी, ऑफिस बंद होईल. आत माणसं आहेत."

"मला म्हाईत हाय. त्यातला एक माझ्या गावाजवळचा हाय. तो समोरचा घेईल मागं."

"आणि त्याने नाही घेतली तर?"

"तर बघू, कोनाचं पेट्रोल आधी संपतं."

"इंजिन बंद आहे, काशी."

हे त्या बरोबर बोलल्या. पण मी जागचा हललो नाही. लोकांना हे वेडेपण वाटेल. वाटू दे. मी त्या झेंड्याची खोळ रोज धुऊन वाळत घातली होती. त्या पुलावर मी गाडी मागं घेतली असती तर त्या दिवसापासून मला ती चालवता आली नसती.

एक बाई डोक्यावर मासळीची टोपली घेऊन दोन गाड्यांच्या कडेनं अंग चोरून गेली. जाताना तिने दोन्ही बॉनेटवर एकेक थाप मारली आणि तिच्या भाषेत काहीतरी बोलली. भाषा येत नव्हती तरी कळलं. आपल्या नवापूरची कोळीण असती तर तेच बोलली असती, फक्त जास्त वेळ.

मग मागचं दार उघडल्याचा आवाज आला. मॅडम स्वतः उतरल्या. मी दार उघडायच्या आत उतरल्या, असं कधी झालं नव्हतं. साडीचा पदर खोचला आणि म्हणाल्या, "मी गाडीत नाही. आता खोळ घाल." आणि उन्हात, एकट्या, समोरच्या गाडीकडे चालायला लागल्या.

मी खाली उतरून खोळ चढवली. 

आता समोरच्या म्हाताऱ्या राजदूतांची पंचाईत. एक बाई उन्हात काचेजवळ येऊन उभी आहे आणि आपण गाडीत सावलीला बसलोय, हे कोणत्याच देशात चालत नाही. तेही उतरले. उंच माणूस, केस सगळे पांढरे, हातात काठी. ते उतरले तसा उस्तादनेही उतरून आपल्या झेंड्यावर खोळ घातली. त्याच्याकडेही तोच कायदा होता.

दोघे कठड्याला टेकून बोलायला लागले. मी जवळच होतो, मला ऐकू आलं. म्हातारे बंदरावरून परतत होते. तेही त्यांच्या दोन खलाशांसाठीच गेले होते. अधिकाऱ्याने त्यांना तेच सांगितलं, दुसरा राजदूत कुठं आहे? आणि हात हलवत परत पाठवलं. मॅडम म्हणाल्या, "दुसरा राजदूत ही उभी आहे." म्हाताऱ्यांनी घड्याळ बघितलं. मग म्हणाले, "मला विचारलं जाईल." मॅडम म्हणाल्या, "मलाही."

आणि दोघे बंदराच्या दिशेनं चालायला लागले. पायी. दोन देशांचे राजदूत, एकाची काठी टकटक वाजतेय, एकीचा पदर खोचलेला.

म्हणजे आता उस्तादची गाडी उलटी बंदराकडे न्यायची होती आणि माझी सरळ. मी उस्तादकडे बघून हसलो. इतक्या वेळाने हसलो.

"चल उस्ताद, घे मागं."

तो हसला नाही. गाडीला टेकून उभा राहिला आणि मान चोळायला लागला.

"उस्ताद, मान वळत नाही. मणका गेलाय. दोन महिने झाले. साहेबांना सांगितलं नाही, नोकरी जाईल. पुढे किती पण चालवतो. मागे घेता येत नाही."

"आरशात बघून घे ना."

"या पुलावर? आरशात? मागे साहेब चालतायत, आणि गाडी खाडीत जाईल."

मला तोवर वाटत होतं तो देशासाठी अडून बसलाय. तो मानेसाठी अडून बसला होता.  मी माझ्या गाडीची किल्ली त्याच्या हातात दिली आणि त्याची घेतली.

"माझी तू पुढं आन. तुझी मी मागं नेतो."

"तुझ्या लोकांना चालेल?"

"खोळ घातली हाय. गाडी हाय ती, दुसरं काय हाय?"

तर वाचकहो, मी त्या दिवशी ज्या देशाशी आपलं बोलणं नव्हतं त्या देशाच्या राजदूताच्या गाडीत बसलो आणि ती मागं घेतली. माझी गाडी एक चाकभर मागं गेली नाही, हे इथं स्पष्ट लिहून ठेवतो. मान मागं वळवून मी हळूहळू सोडत होतो, मधूनच पुढं बघितलं तर माझ्याच गाडीच्या काचेमागं उस्ताद, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून, नवऱ्यामुलासारखा ताठ. त्याने दिवा चमकवला. मी हॉर्न दिला. बंदराकडे चालणारे दोन्ही राजदूत दचकले. मॅडमनी वळून बघितलं, मला चुकीच्या गाडीत बघितलं, आणि परत वळून चालायला लागल्या. बघितलं नाही असं करणं हा त्यांच्या कामाचाच भाग होता.

पुलाच्या टोकाला आम्ही गाड्या बदलल्या, साहेब लोक बसले, खोळी निघाल्या, आणि दोन झेंडे एकामागोमाग बंदरावर गेले. म्हातारे पुढं, आम्ही मागं. एखाद्या देशात ज्या राजदूताने नेमणुकीची कागदपत्रं आधी दिली तो पुढं, असा जगभरचा कायदा आहे, आणि ते आमच्या आधीचे होते. कायद्याने मागं राहायला मला कधी लाज वाटली नाही.

अधिकारी दाराला कुलूप लावत होता. दोघांना एकत्र बघून त्याने कुलूप परत काढलं.  अट त्यानेच घातली होती, आणि ती कधी पुरी होणार नाही या भरवशावर घातली होती. आता माघार घेणार कशी? एकाच कागदावर दोन सह्या झाल्या. पाच माणसं बाहेर आली, दाढ्या वाढलेली, उजेडात डोळे मिटून.

मी ओरडलो, "नवापूरचा वसंत कोन?"

एक जण जागीच थांबला. "आयला, आपल्या बोलीत कोन बोलतंय?"

"सालवडचा काशिनाथ. डायवर."

तो आला आणि माझ्या युनिफॉर्मचं बटण धरून उभा राहिला. मिठी मारायला त्याला जमलं नसावं. मी सुमनला फोन लावला. कल्पना ओट्यावरच होती.

"कल्पना, मी वसंत."

पलीकडे काहीतरी भांडं पडलं.

"अगं मीच हाय. सुटलो."

मग असा आवाज आला की फोन कानाला लावायची गरज राहिली नाही. "मेल्या! इतके महिने! फोन नाय, पत्ता नाय! पोरं विचारतात, काय सांगू? जेवलास का नाय?"

अधिकाऱ्याने आपल्या शिपायाला हातानेच खुणावलं की दोन रांगा करा, यांचे इकडे, त्यांचे तिकडे. पाचही जण हलले नाहीत. त्यांच्यातला एक, त्या देशाचा, जहाजावरचा स्वयंपाकी होता. वसंत म्हणाला, "आमी एका टोपातलं खाल्लंय, रांग कसली?" आणि जवळ होती त्या गाडीत जो तो बसला. त्यांचा स्वयंपाकी माझ्या गाडीत, आपल्यातला एक उस्तादच्या. मी मॅडमकडे बघितलं. मागची सीट भरली होती. मॅडम पुढं येऊन माझ्या बाजूला बसल्या.

"झेंडा?" मी विचारलं.

"मी गाडीत आहे ना?"

"हायत."

"कोणत्या सीटवर, हे कायद्यात लिहिलं आहे का?"

"नाय."

"मग उघड."

येताना पूल मोकळा होता. मागं तिघं झोपली, एकमेकांच्या खांद्यावर. स्वयंपाक्याला त्याच्या वकिलातीशी उतरवलं तेव्हा तो जागा होईना, वसंताने त्याला लहान पोरासारखं हलवलं आणि दोघं सुटे झाले.

मग मॅडमनी जबडा चोळला. हसल्या नव्हत्या त्या दिवशी, तरी चोळला.

मी म्हटलं, "मॅडम, मी मागं घेतली असती तर दोन्ही गाड्या एकमेकींना टाळून निघून गेल्या असत्या. तुमी तिकडे, ते इकडे. मानसं आतच राहिली असती."

"म्हणजे हे तुझ्या हट्टामुळे झालं?"

"मी नाय म्हनत. पन झालं."

"माझ्या पायांमुळे झालं, काशी. चप्पल बघ माझी."

चप्पल तुटली होती.  थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "आता दिल्लीला लिहावं लागेल. परवानगी नसताना त्यांच्याशी बोलले. का बोलले, कुठे बोलले, सगळं विचारतील. नोकरीवर येऊ शकतं. आणि माझा ड्रायव्हर त्यांच्या गाडीत काय करत होता, हेसुद्धा."

"लिहा ना, पूल अरुंद होता."

"एवढंच?"

"दोन गाड्या मावत नव्हत्या. मानसं मावत होती."

मॅडमनी तुटकी चप्पल पायातून काढली. मग म्हणाल्या, "पहिलं वाक्य लिहीन. दुसरं दिल्लीला कळणार नाही. सिग्नल सुटलाय, काशी. गाडी चालव."